ओळख कोणी करून द्यायची?

जुने वेळापत्रक दहा मिनिटे कोणी वाचत नाही. ते दुसऱ्याच्या कॉलेजचे असेल तर मुळीच नाही. तरीही गेल्या ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी, आमच्या संगणक विभागाच्या व्हरांड्यात, एक मुलगा हातात चहाचा कागदी कप धरून नोटीस बोर्डावरचे मागच्या सत्राचे वेळापत्रक वाचत उभा होता. मी चहाच्या किटलीपाशी कप मोजत होतो. तो मला दिसला. तो वेळापत्रक वाचत नसून आपला एकटेपणा लपवतो आहे, हेही मला कळले. कारण पहिल्या वर्षाला असताना याच बोर्डावरच्या सूचना मीही अशाच मन लावून वाचल्या होत्या. 'बोलेल कुणीतरी त्याच्याशी,' असे मनाशी म्हणून मी पुन्हा कप मोजू लागलो. थोड्या वेळाने पाहिले तर कप खिडकीच्या कठड्यावर होता आणि मुलगा निघून गेला होता. तो पुन्हा आला नाही.

पुढे जे मत मांडणार आहे त्याचे मूळ त्या कठड्यावरच्या कपात आहे. म्हणून हा प्रसंग आधी सांगितला.

आम्ही पाचसहा मित्रमैत्रिणी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी प्रोग्रॅमिंगची आवड असणाऱ्यांना एकत्र जमवतो. अशा जमण्याला हल्ली 'मीटअप' म्हणतात. मेळावा म्हणावे तर मंडप डोळ्यांपुढे येतो, परिसंवाद म्हणावे तर अध्यक्षांसाठी हार आणावा लागतो. तेव्हा मीटअप हाच शब्द राहू द्यावा. बेळगावातल्या चारपाच कॉलेजांतून तीसचाळीस मुले-मुली येतात. काही खानापूर, बैलहोंगल, निपाणीकडून सकाळच्या बसने येतात. प्रवेश फी नाही. चहा आमचा, प्रयोगशाळा कॉलेजची, पंखे जसे चालतील तसे.

ऑगस्टच्या त्या रविवारी आमचा कार्यक्रम आमच्या समजुतीप्रमाणे फारच चांगला झाला होता. पुण्याहून एक अनुभवी पाहुणे आले होते. त्यांनी सव्वा तास व्याख्यान दिले, पडद्यावर सुंदर चित्रे दाखवली, शेवटी दोन प्रश्न आले, टाळ्या झाल्या आणि सगळे चहाला बाहेर आले. बाहेर येताच माणसांचे घोळके झाले. आमच्या वर्गाचा एक, इंजिनियरिंगवाल्यांचा एक, मराठी बोलणाऱ्यांचे दोन, कन्नड बोलणाऱ्यांचा एक, आणि दाराजवळ चार मुलींचा एक. जो ज्याच्याबरोबर आला होता तो त्याच्याबरोबर उभा राहिला, त्याच्याशीच बोलला आणि त्याच्याचबरोबर घरी गेला. जो एकटा आला होता त्याला नोटीस बोर्ड मिळाला. संध्याकाळी आम्ही आयोजकांनी एकमेकांचे अभिनंदन केले.

डिसेंबरात टिळकवाडीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्ट रिपोर्टच्या बाइंडिंगसाठी रांग लागली होती. माझ्या पुढे तोच मुलगा. मी ओळख दिली, त्यालाही आठवले. त्याच्या हातातल्या काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम' असे नाव होते. बी. सी. ए. करणाऱ्या कोणालाही त्या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. दरवर्षी निदान दहाजण हेच हॉस्पिटल चालवतात, आणि ते कोठे विकत मिळते हेही सर्वांना ठाऊक असते. मी काही विचारण्याआधी तोच हसून म्हणाला, "घेतलाय. करायला वेळ कुठं होता? करूलालो होतो ते तसंच राहिलं."

'करत होतो ते' काय, हे त्याने रांगेत उभ्या उभ्या सांगितले. त्याचे गाव खानापूर तालुक्यात. त्याचे काका गावच्या दूध संकलन केंद्राची वही सांभाळतात. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचे किती लिटर, फॅट किती, एस. एन. एफ. किती, हे वहीत लिहायचे आणि दर दहा दिवसांनी बेरजा करून प्रत्येकाला बिल द्यायचे. एखादी बेरीज चुकली की दूध घालणारा आणि काका यांचे महिनाभर बोलणे बंद. या मुलाने त्यासाठी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. बेरजा जमल्या, दर जमले. अडले ते छपाईपाशी. केंद्रावर निम्मी माणसे मराठी वाचणारी, निम्मी कन्नड. बिलावर नावे नीट छापून येईनात. जोडाक्षरे फुटत, 'शिवा' लिहिले की पहिली वेलांटी 'श'च्या अलीकडे पडण्याऐवजी पलीकडे पडे. आपले नाव मोडलेले दिसले की बिलावर विश्वास कोण ठेवणार? ऑगस्टात तो आमच्याकडे आला होता तो एवढे एकच विचारायला.

"मग विचारलं का नाहीस?" मी म्हणालो.

"कुणाला विचारू? तुमी सगळी एकमेकांच्या वळखीची दिसत होता. मधी कुठं शिरायचं?"

मी हे सगळे वर्मी लागल्यासारखे का सांगतो आहे, याचे कारण फेब्रुवारीत कळले. कन्नड माध्यमातून आलेली, आमच्याच कॉलेजात एक वर्ष मागे असलेली एक मुलगी फेब्रुवारीच्या मीटअपमध्ये म्हणाली की, तिने आईच्या महिला बचत गटाचा हिशोब कन्नडमध्ये छापून देणारा प्रोग्रॅम लिहिला आहे. अक्षरे मोडण्याचा त्रास तिलाही झाला होता. तिने बिलाची पी. डी. एफ. थेट पायथनकडून करून घेण्याचा नाद सोडला. हिशोब आधी वेब-पानाच्या रूपात मांडला आणि ब्राउझरकडूनच छापून घेतला. वेलांट्या आणि जोडाक्षरे जागच्या जागी बसवण्याची विद्या ब्राउझरला असते; पी. डी. एफ. करणाऱ्या साध्यासुध्या साधनांना बहुधा ती नसते. एका संध्याकाळचे काम. मी घरी येऊन ऑगस्टच्या हजेरीचा कागद काढला. दोघांची नावे एकाच पानावर होती, मध्ये चार नावे. उत्तर त्या दिवशी त्याच व्हरांड्यात उभे होते, दाराजवळच्या घोळक्यात.

गंमत अशी की, संगणकाच्या दृष्टीने त्या दोघांची अडचण एकच होती. युनिकोडमध्ये देवनागरीला आणि कन्नडला प्रत्येकी १२८ जागांचे एकेक घर दिलेले आहे. १९९१ साली भारतीय मानक म्हणून ठरलेल्या 'इस्की' या पद्धतीत भारतीय लिप्यांची अक्षरे समान क्रमाने मांडलेली होती. युनिकोडने तीच मांडणी बव्हंशी घेतली. त्यामुळे देवनागरीच्या घरात 'क' ज्या क्रमांकाच्या आसनावर बसतो, कन्नडच्या घरात कन्नड 'क' नेमका त्याच क्रमांकाच्या आसनावर बसतो. यंत्राने आमच्या दोन लिप्यांना शेजारधर्म शिकवून ठेवला आहे. व्हरांड्यात उभ्या असलेल्या आम्हांला मात्र तो जमला नाही.

तर माझे म्हणणे असे आहे. मीटअपमध्ये व्याख्यान होते, पण मीटअप व्याख्यानासाठी नसते. व्याख्यान आज कोणालाही घरबसल्या मोबाइलवर ऐकता येते, पुण्याच्या पाहुण्यांपेक्षा मोठ्या माणसाचे ऐकता येते आणि न कळल्यास मागे नेऊन पुन्हा ऐकता येते. रविवारी सकाळी खानापूरहून बसला पन्नास हेलकावे खात यावे असे जे काही आहे, ते शेजारच्या खुर्चीवरचा माणूस हेच आहे. त्या माणसाशी गाठ पडत नसेल तर बसचे भाडे फुकट गेले. आणि ती गाठ आपोआप पडत नाही. ती घालून द्यावी लागते. ते आयोजकांचे पहिले काम आहे. चहा आणि प्रोजेक्टर त्यानंतर.

यावर आमच्यातल्याच एकाने आक्षेप घेतला की, "ज्याला गरज आहे तो बोलेलच. लहान मुले आहेत का?" हा आक्षेप मला पूर्वी पटत असे. पण २००७ साली अमेरिकेत पॉल इन्ग्रॅम आणि मायकेल मॉरिस या दोन प्राध्यापकांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास वाचनात आला. कोलंबिया विद्यापीठात व्यवस्थापनाचे शिक्षण घेणाऱ्या, उद्योगधंद्यात मुरलेल्या मंडळींचा एक स्नेहमेळावा त्यांनी पाहिला. प्रत्येकाच्या छातीवर इलेक्ट्रॉनिक बिल्ला होता. कोण कोणाशी किती वेळ बोलले हे त्यात नोंदले जाई. नवी माणसे भेटावीत हाच आपला हेतू आहे, असे बहुतेकांनी आधी सांगितले होते. प्रत्यक्षात ते आधीच्या ओळखीच्यांनाच अधिक भेटले. बोलण्याचीच भाकरी खाणाऱ्या माणसांची ही गत, तर ज्याने वर्गात सरांना शंका विचारण्याचे धाडस दोन वर्षांत एकदाही केलेले नाही त्याची काय कथा?

आपल्याकडच्या लग्नात पाहा. पंगत बसली की घरचा एखादा मामा किंवा काका नुसता फिरत असतो. "जेवलात का? बसा, बसा, ही पंगत तुमची." त्याला दुसरे काम नसते. 'ज्याला भूक लागेल तो स्वयंपाकघर शोधील,' असे म्हणणारा यजमान मी बेळगावात तरी पाहिलेला नाही. मग भुकेल्या माणसाला आपण जो मान देतो तो अडलेल्या माणसाला का देऊ नये?

हे काम कसे करावे याचा धडा मला जुन्या इतिहासात मिळाला. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजात तीसेक माणसे जमली. 'आल्टेअर ८८००' नावाचा, सुटे भाग जोडून घरी करावयाचा संगणक तेव्हा नुकताच निघाला होता आणि त्याचे वेड लागलेली ही माणसे होती. फ्रेड मूर आणि फ्रेंच यांनी त्यांना एकत्र बोलावले होते. यातूनच 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' उभा राहिला. पुढे गॅरेज अपुरे पडू लागले आणि बैठका स्टॅनफर्डच्या एका मोठ्या सभागृहात भरू लागल्या. सूत्रसंचालन ली फेल्सनस्टाइन करीत. त्यांनी बैठकीचे जे भाग पाडले होते त्यांतले दोन आपल्या कामाचे आहेत. एकाला ते 'मॅपिंग' म्हणत, म्हणजे नकाशा काढणे. माणसे हात वर करून थोडक्यात सांगत: माझ्याजवळ हे आहे, मला ते हवे आहे, मी अमक्यापाशी अडलो आहे. इतर ऐकत आणि कोणाला गाठायचे हे मनात टिपून ठेवीत. दुसऱ्या भागाचे नाव 'रँडम ॲक्सेस'. संगणकाच्या स्मृतीत कोणत्याही खणापाशी थेट जाता येते, तसे आता ज्याला ज्याच्याकडे जायचे त्याने उठून थेट जावे. आधी नकाशा, मग प्रवास. आमच्या ऑगस्टच्या कार्यक्रमात नकाशा न देता प्रवासाला सोडले होते. मग मुलगा नोटीस बोर्डाला जाऊन थडकला यात नवल काय?

त्या क्लबात स्टीव्ह वॉझ्नियाक नावाचा एक विलक्षण लाजाळू तरुण येत असे. सभेत हात वर करून बोलण्याचे धैर्य आपल्याला होत नसे, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. तो आपले यंत्र मांडून ठेवी आणि पाहायला येतील त्यांच्याशी बोले. आपल्या संगणकाच्या आराखड्याच्या प्रती त्याने सभासदांना फुकट वाटल्या. तो संगणक १९७६ साली 'ॲपल १' या नावाने विक्रीस आला. प्रत्येक लाजाळू मुलात वॉझ्नियाक असतो असे मला म्हणावयाचे नाही. पण लाजाळू माणसालाही गाठ पडण्याची जागा हवी, आणि ती कोणीतरी मुद्दाम करून ठेवावी लागते, एवढे यातून नक्की दिसते.

जानेवारीत आम्ही हा प्रयोग केला आणि तो साफ फसला. एकाने सुचवले की आधी खेळ घ्यावा: प्रत्येकाने आपल्या नावाच्या आद्याक्षराचे फळ सांगायचे. पहिली तिघे प, स आणि र ची निघाली. पपई झाली, सफरचंद झाले, 'र'पाशी गाडी अडली आणि खेळ संपला. मग मी म्हणालो, "प्रत्येकाने आपला परिचय करून द्यावा." सर्वांनी करून दिला. नाव, कॉलेज, वर्ष. तिसाव्या माणसापर्यंत हजेरी घेऊन झाली, पण एकालाही दुसऱ्याकडे जाण्याचे कारण मिळाले नाही.

दोष मुलांचा नव्हता, प्रश्नाचा होता. फेब्रुवारीत प्रश्न बदलला. दोनच गोष्टी सांगायच्या: सध्या कुठे अडला आहात, आणि दुसऱ्याला काय दाखवू शकाल. अर्धा मिनिट. ज्याला आज नुसते ऐकायचे आहे त्याने तसे म्हणावे आणि खाली बसावे. त्याला कोणी छेडू नये. आणि सुरुवात आयोजकांनी करायची, तीही आपल्या खऱ्या अडचणीने. मी उभा राहून सांगितले की, गिटवर दोघांचे काम एकत्र करताना माझे दोन दिवसांचे काम पुसले गेले आणि ते का हे मला अजून समजलेले नाही. मुले हसली. वरच्या वर्गातला दादा अडतो हे ऐकल्यावर खालच्यांना अडण्याची लाज उरली नाही. एकजण फळ्यावर लिहीत होता. फळ्याचे दोन भाग: 'हवे' आणि 'देऊ'. माणसाचे नाव आणि दोन शब्द. फोन नंबर लिहायचा नाही, कारण मुलींना तो नको असतो आणि त्यांचे बरोबर आहे. बचत गटाच्या प्रोग्रॅमची गोष्ट त्या दिवशी 'देऊ'च्या रकान्यात आली, ती अशी.

दुसरा बदल चहाचा. आम्ही चहा व्याख्यानाच्या आधी आणला. व्याख्यान संपले की निम्म्या सभेचे डोळे घड्याळावर असतात. बैलहोंगलची बस कोणासाठी थांबत नाही. म्हणून साडेदहाला फळा, अकराला चहा, साडेअकराला व्याख्यान. फळा ताजा असतानाच कप हातात येतो आणि बोलायला विषय तयार असतो. पाहुण्यांचा वेळ पाऊण तासावर आला. पहिल्या पाहुण्यांना हे सांगताना मला संकोच वाटला होता. परंतु चहाच्या वेळी मुलांनी फळ्यावरचे काय विचारले ते ऐकून त्यांनी व्याख्यानातले निम्मे आपणहून गाळले.

तिसरा बदल उभे राहण्याच्या पद्धतीचा. एरिक होल्शर या प्रोग्रॅमरने २०१७ साली एक साधा नियम लिहिला. १९८० साली निघालेल्या 'पॅक-मॅन' या जपानी व्हिडिओ गेममध्ये तोंड उघडून धावणारे एक पिवळे वर्तुळ असते. होल्शर म्हणतो, घोळक्यात उभे राहताना पूर्ण गोल करू नका. पॅक-मॅनच्या तोंडाप्रमाणे एका माणसाची जागा मोकळी ठेवा, आणि ती भरली की पुन्हा सरकून नवी जागा करा. एवढेच. खर्च शून्य. पण बाहेरून पाहणाऱ्याला पाठींची भिंत दिसते की दार दिसते, हा फरक फार मोठा आहे. 'मधी कुठं शिरायचं?' या प्रश्नाचे याहून सोपे उत्तर मला माहीत नाही.

चौथी गोष्ट भाषेची, आणि आमच्या गावात ती टाळून चालणार नाही. आमचे मीटअप इंग्रजीत चाले. मराठी बोललो तर कन्नडवाल्यांना काय वाटेल आणि कन्नड बोललो तर मराठीवाल्यांना काय वाटेल, या भीतीने सगळे मोडक्या इंग्रजीत बोलत, म्हणजेच कोणी फारसे बोलत नसे. सीमाभागाचा प्रश्न मोठा आहे. तो आमच्या प्रयोगशाळेत सुटणार नाही आणि तसा आमचा दावाही नाही. परंतु शनिवार खुटावर भाजी घेताना जी आई दोन्ही भाषांत घासाघीस करते, तिच्या मुलाने मीटअपमध्ये गप्प बसावे हे काही खरे नव्हे. आम्ही ठरवले की अडचण ज्या भाषेत सुचते त्या भाषेत सांगावी. शेजाऱ्याने गरज पडल्यास दुसऱ्या भाषेत सांगावे. लूप, एरर, फंक्शन हे शब्द दोन्हीकडे तेच असल्यामुळे निम्मे भाषांतर आपोआप होते.

दारापाशी स्वागताला आम्ही दोघांना उभे करतो, एक "या, बसा" म्हणणारा आणि एक "बर्री, कूडरी" म्हणणारी. हा केवळ शिष्टाचार नव्हे. वर सांगितलेल्या कोलंबियाच्या अभ्यासातच असे आढळले की, घोळक्यात आपल्या वंशाचे एखादे माणूस जरी असले तरी पाहुणा त्यात शिरण्याची आणि टिकून राहण्याची शक्यता वाढते. तेथे प्रश्न वंशाचा होता. आमच्याकडे तो भाषेचा आहे आणि अनुभव तोच आहे. सगळा घोळका आपल्यासारखा असण्याची गरज नसते; एक माणूस पुरतो. म्हणून दोन भाषांच्या दोन माणसांनी मुद्दाम एकत्र उभे राहावे. त्यांच्याभोवती जमणारा घोळका आपोआप मिश्र होतो.

कोणी म्हणेल, चहाच्या कपावरच्या ओळखी त्या. त्यांचे एवढे काय कौतुक? त्यांना उत्तर म्हणून आणखी एक जुना अभ्यास सांगतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा 'दुबळ्या धाग्यांचे बळ' अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात अलीकडेच नोकरी बदललेल्या तंत्रज्ञ आणि व्यावसायिक मंडळींना त्याने विचारले की, नोकरीची बातमी ज्याच्याकडून कळली तो तुम्हांला किती वेळा भेटत असे? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी 'वारंवार' म्हणणारे केवळ १६.७ टक्के निघाले. 'अधूनमधून' म्हणणारे ५५.६ टक्के, आणि 'क्वचित' म्हणणारे २७.८ टक्के. पाहणी लहान होती, पण कारण पटण्यासारखे आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती दुसऱ्या घोळक्यातून, अर्धवट ओळखीच्या माणसाकडून. ज्यांचे काका-मामा पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत आहेत त्यांना हे धागे घरीच मिळतात. ज्याचे काका दूध केंद्राची वही लिहितात त्याला ते कोठे मिळावेत? महिन्यातून एक रविवार ही त्याची एकच जागा आहे. ती त्याच्यासाठी नोटीस बोर्डापाशी संपू नये.

आमचा अनुभव तीन मीटअपचा आहे, त्यातले एक फसलेले. तेव्हा फार मोठी भाषा मी करणार नाही. मार्चमध्येही फळ्यावरच्या काही 'हवे'समोर कोणी उभे राहिले नाही. एक मुलगा चहा न घेताच गेला आणि तो का गेला हे कळले नाही. चाळीसच्या वर माणसे आली तर फळ्याची पद्धत चालेल की नाही याविषयी मी साशंक आहे; मग बहुधा दोन खोल्या कराव्या लागतील. परंतु मार्चमध्ये चहाची वेळ संपल्याचे मला तीनदा ओरडून सांगावे लागले, आणि घोळके फोडून व्याख्यानाला बसवावे लागले. ऑगस्टात असे झाले नव्हते.

हजेरीच्या कागदावर त्या मुलाने ई-मेलचा पत्ता लिहिलेला होता. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी रात्रीच मी त्याला लिहिले: ब्राउझरकडून छापून घे, अक्षरे मोडणार नाहीत, आणि हे मला ज्या मुलीकडून कळले तिला भेटायचे असेल तर मार्चमध्ये ये, मी दारापाशी असेन. चार दिवसांनी उत्तर आले. काकांची वही चालूच आहे, बेरजेवरून मागच्या महिन्यात पुन्हा एक भांडण झाले, परीक्षा जवळ आली आहे, सुट्टीत बघतो, असे त्याने लिहिले होते. मार्चमध्ये तो आला नाही. सुट्टीत बघेल असे मी धरून चाललो आहे, पण ऑगस्टात जे दोन मिनिटांत झाले असते ते आता किती रविवारांनी होईल हे माझ्या हाती राहिलेले नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या या अंकाचे दोन विभाग आहेत. एका बाजूने मराठी उघडते, दुसऱ्या बाजूने कन्नड. गेली तीन वर्षे मी माझ्या बाजूने अंक उघडला, माझ्या मित्रांचे लेख वाचले आणि मिटून ठेवला. दुसऱ्या बाजूला कोण काय लिहिते हे मी एकदाही विचारले नाही. विचारले असते तर वर्गातल्या कोणीही वाचून दाखवले असते. तेव्हा मीटअपबद्दल जे मी लिहिले आहे ते आधी मलाच लागू आहे. तुम्हांला प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी चालेल; नाटकाची तालीम असो, वाचनालयाची सभा असो की वसतिगृहातली पहिली रात्र असो, नोटीस बोर्ड सगळीकडे असतो आणि त्याच्यासमोर कोणीतरी उभे असते. तो ते वेळापत्रक वाचत नाही. हातातले कप खाली ठेवावेत, जवळ जावे आणि विचारावे, "काय करूलास हल्ली? अडलंय का कुठं?"